सॅम्पल खराब झालं

गीतांजलीने सकाळच्या नळ्या रॅकमध्ये लावल्या, हातमोजे काढले आणि काउंटरवर बसलेल्या फरजानाला सांगितलं की ती साडेदहाच्या पॅसेंजरने मूर्तिजापूरला चालली आहे. बरोबर बारा वीसला फोन कर. फरजाना पावती फाडत होती. तिने मान वर न करताच विचारलं,

"कितवा हाय?"

"अकरावा."

"मंग याच्याकडून जेवूनच ये. दहा जनांनी नुसता चहाच पाजला तुले."

अकोल्यात जठारपेठेतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दोघी नऊ वर्षांपासून होत्या. गीतांजली रक्त काढायची आणि तपासायची, फरजाना रिपोर्ट द्यायची. गीतांजलीचं वय अडतीस. वडील वामनराव ती बावीसची असताना गेले, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, आणि हे सगळं उरकून तिने स्वतःकडे पाहिलं तेव्हा नातेवाइकांनी स्थळं सुचवणं थांबवलं होतं. तेव्हा फरजानानेच तिला फोनवर लग्न जुळवण्याचं ॲप लावून दिलं. फरजाना त्याला 'डेटिंग' म्हणायची. गीतांजली 'भेट' म्हणायची, आणि चार वर्षांत तो शब्द उच्चारतानाही तिला जांभई यायला लागली होती.

एकाने पहिल्याच भेटीत आईची थायरॉइडची तपासणी अर्ध्या पैशात होईल का ते विचारलं होतं. एकाने प्रश्नांचे दोन कागद आणले होते आणि तो उत्तरं लिहून घेत होता. एकाची आई शेजारच्या टेबलावर पेपर उलटा धरून बसली होती. सातवा सोडून गेलेल्या बायकोबद्दल तासभर बोलला आणि रडला. त्या दिवशी चहाही गीतांजलीनेच पाजला. धोकेबाज त्यांतला एकही नव्हता. तेवढाही उत्साह कोणात नव्हता.

तरी गीतांजलीचे नियम कडक होते, आणि त्याला कारण होतं. त्यांच्या ओळखीच्या एका नर्सने कधीही न पाहिलेल्या एका 'मेजर'वर फोनवरच विश्वास टाकला होता. दागिने गेले, मग तो फोनही लागेना. पुढे ती रक्त तपासायला आली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन सात होतं आणि ती कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. त्या दिवसापासून गीतांजलीने ठरवलं: तिसऱ्या भेटीपर्यंत खरं नाव सांगायचं नाही, गाव नाही, नोकरी नाही. भेट भरदिवसा, चार माणसांच्या जागी. पाणी सीलबंद बाटलीतलं. खुर्ची दाराकडे तोंड करून. आणि फरजानाचा ठरल्या वेळी फोन. सगळं ठीक असेल तर गीतांजलीने म्हणायचं, "रिपोर्ट तयार आहेत." काही वेडंवाकडं असेल तर म्हणायचं, "सॅम्पल खराब झालं."

ही खूण ठरवताना फरजाना इतकी रंगली होती, आणि गीतांजली इतकी दमलेली होती, की एक साधी गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नाही. सॅम्पल खराब झालं, हे वाक्य त्या लॅबमध्ये दिवसातून चारदा तरी बोललं जायचं.

मे महिना होता. त्या वर्षी तूर इतकी पिकली होती की बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या उन्हात पडून होत्या आणि पॅसेंजरमध्ये जो तो त्याच गोष्टी करत होता. गीतांजली खिडकीचं पत्र्याचं झाकण खाली ओढून बसली आणि आज आपण कोण आहोत ते तिने एकदा आठवून घेतलं. आज ती मंजिरी होती, वाशीमच्या एका शाळेत शिक्षिका. समोरचा निखिल होता, अमरावतीला बियाण्यांच्या कंपनीत मॅनेजर. दोघांनाही मूर्तिजापूर मधलं पडत होतं. महिनाभर ते फोनवर लिहून बोलत होते. माणूस कमी लिहायचा, पण रोज लिहायचा, आणि एकदाही त्याने 'जेवलीस का' असं विचारलं नव्हतं. एवढ्यावर तिने त्याला भेटायचं ठरवलं होतं.

स्टँडजवळच्या त्या हॉटेलात तो आधीच आला होता आणि दाराकडे तोंड करून बसला होता. गीतांजली उभीच राहिली. तिने सांगितलं की आपल्याला त्याच खुर्चीवर बसायची सवय आहे. तो संकोचून म्हणाला की त्यालाही दार दिसलेलं बरं वाटतं. शेवटी दोघं टेबलाच्या एकाच बाजूला, एसटीतल्या प्रवाशांसारखे, दाराकडे बघत बसले. तिने सीलबंद पाणी मागवलं. त्यानेही मागवलं. दोघांनी आपापल्या बाटलीचं झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि एकमेकांना ते दिसलं नसल्यासारखं केलं.

शेजारी बसल्यामुळे त्याचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता. दिसत होता तो हात. रोज पन्नास जणांच्या बाह्या वर करायला लावणारी बाई माणसाचा हातच आधी बघते. कोपरापर्यंत उन्हाने रापलेला, अंगठ्याच्या नखात काळी रेघ, शीर मात्र सरळ आणि ठसठशीत, पहिल्याच टोचणीत सापडेल अशी. मॅनेजरचा हात असा नसतो, हे तिला कळलं. पण विचारायचं म्हणजे पुन्हा एक संभाषण आलं, म्हणून तिने विचारलं नाही.

त्याने वाशीमच्या शाळेबद्दल विचारलं. तिने साठ मुलं असल्याचं सांगितलं. मग तिने कंपनीत नेमकं काय काम असतं ते विचारलं. तो म्हणाला, क्वालिटी बघतो. कशाची, असं विचारल्यावर तो टरबुजाच्या फळमाशीवर बोलायला लागला आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव आला. माशी फळाला डंख मारते, आतून फळ सडतं, बाहेरून कळत नाही. त्यावर औषधापेक्षा सापळा बरा. डब्यात मादीच्या वासाची गोळी ठेवायची. नर माशी वासावर येते, आत शिरते अन् अडकते. एवढं बोलून तो अचानक थांबला आणि बाटलीतलं पाणी प्यायला.

याच वेळी लॅबच्या डॉक्टरांचा मेसेज आला. सकाळी दवाखान्यातून आलेलं एका म्हाताऱ्या पेशंटचं रक्त तपासण्याजोगं राहिलं नव्हतं, नव्याने घ्यावं लागणार होतं, आणि त्याला दुपारी ऑपरेशनला न्यायचं होतं. गीतांजलीच्या डोक्यातून मंजिरीही गेली आणि निखिलही गेला. बारा वीस झाले. फोन वाजला. पलीकडे फरजाना होती.

"फरजाना, सॅम्पल खराब झालं," गीतांजली म्हणाली. "लगेच कोणाले तरी पाठव. उशीर नको करू—"

आणि रेंज गेली.

पुढचं वाक्य दवाखान्याच्या नावाचं होतं. ते फरजानापर्यंत पोचलंच नाही. गीतांजली फोन हातात धरून रेंज शोधत हॉटेलच्या मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली गेली आणि दवाखान्याला फोन लावत राहिली. इकडे फरजाना चार वर्षं ज्या वाक्याची वाट पाहत होती ते वाक्य अखेर आलं होतं. तिने उलट फोन लावला तर लागेना. तिने काउंटर सोडलं, रांगेतल्या लोकांना थांबायला सांगितलं आणि भावाला, परवेजला, फोन केला.

परवेज छोटा टेम्पो चालवायचा. भातकुलीकडचा भाजीपाला, टरबुजं, काकडी भरून तो अकोल्याच्या बाजारात आणायचा. त्या दिवशीही माल भरून तो निघाला होता आणि टायरमध्ये हवा भरायला मूर्तिजापुरातच थांबला होता. फरजानाने त्याला हॉटेलचं नाव सांगितलं, गीतांजलीने ओळखीसाठी आधीच कळवलेला पांढऱ्या शर्टाचा माणूस सांगितला, आणि बजावलं की फोन बंद करायचा नाही, स्पीकरवर ठेवायचा.

उन्हासाठी तोंडाला बांधलेला दुपट्टा न सोडता, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चाकाचा पाना घेऊन परवेज हॉटेलात शिरला. टेबलावर दोन बाटल्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर गीतांजलीची फुलाफुलांची ओढणी होती. शेजारी पांढरा शर्ट घातलेला माणूस खाली वाकून चपलेचा बंद लावत होता. बाई नव्हती. परवेजने जे समजायचं ते समजून घेतलं, पाना टेबलावर ठेवला आणि मागून त्याची कॉलर धरली.

"बाई कुठी हाय?"

माणसाने मान वर केली. परवेजने त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"कुंदनभाऊ? तुमी इथं काय करून रायले? तुमी तं मोटर दुरुस्तीले जातो म्हनत होते न."

तो निखिल नव्हता. तो भातकुलीचा कुंदन होता, ज्याची टरबुजं परवेजने सकाळी नऊ वाजता भरली होती आणि जी आता बाहेर टेम्पोत उन्हात होती. आठवड्यातून तीनदा परवेज त्याच्या वावरावर जायचा, त्याच्या ओट्यावर चहा प्यायचा. त्याला कॉलर सोडायची होती. पण हातातल्या फोनमधून फरजाना सांगत होती, "सोडू नको. अजिबात सोडू नको," आणि थोरल्या बहिणीचं ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होती. त्यामुळे त्याने कॉलर धरूनच कुंदनची विचारपूस सुरू ठेवली.

तेवढ्यात गीतांजली मागच्या दाराने आत आली. तिला दिसलं ते एवढंच, की तोंड बांधलेल्या एका माणसाने निखिलची मान धरली आहे आणि टेबलावर लोखंडी पाना आहे. महिनाभर रोज लिहिणारा माणूस, त्याने बिचाऱ्याने कोणाचं काय घेतलं होतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिने टेबलावरची बाटली उचलून सगळं पाणी परवेजच्या तोंडावर मारलं. गल्ल्यावरच्या मालकाने हे पाहिलं, आणि भांडी फुटायच्या आधीच रस्त्यापलीकडच्या चौकीवर माणूस पाठवला.

चौकीत हवालदार पार्वताबाई एकट्याच होत्या. त्यांनी नुकताच डबा उघडला होता. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो पुन्हा बंद करून त्यांना हॉटेलात यावं लागलं, आणि तिथून तिघांना घेऊन परत जावं लागलं, म्हणून त्यांनी वाटेत कोणालाही काही विचारलं नाही. चौकीतला पंखा आवाज फार करत होता आणि वारा कमी देत होता. त्यांनी तिघांना बाकावर बसवलं, वही ओढली आणि आधी कुंदनकडे वळून बाईंचं नाव विचारलं.

"मंजिरी," कुंदन म्हणाला. "वाशीमच्या शाळेत हायेत."

मग त्यांनी गीतांजलीला त्याचं नाव विचारलं. परवेजने 'कुंदनभाऊ' म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं, कारण तेव्हा ती कडुलिंबाखाली होती. तिने निखिल सांगितलं, कंपनीत मॅनेजर. पार्वताबाईंनी दोघांची आधार कार्डं मागितली आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी मोठ्याने वाचली. गीतांजली वामनराव, राहणार जठारपेठ, अकोला. कुंदन देवमन, राहणार भातकुली. बाकावरच्या दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट वळून पाहिलं.

पार्वताबाईंनी चष्मा काढला. "मले समजून सांगा," त्या म्हणाल्या. "याले हिचं नाव ठाऊक नाई. हिले याचं नाव ठाऊक नाई. अन् दोघंबी एका टेबलावर एकाच बाजूनं बसले होते. हे काय होय?"

गीतांजलीने सांगायचा प्रयत्न केला. ॲप, नियम, नर्स, मेजर, ठरलेलं वाक्य, म्हाताऱ्याचं रक्त. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की खरं ते सगळं असूनही ऐकायला एकही गोष्ट खरी वाटत नाही. कुंदनने आपली बाजू सांगितली. त्याच्या बहिणीने त्याला बजावलं होतं की अशा बायका लस्सीत गोळी घालतात अन् लुटतात, शेजारच्या गावात एकाची मोटारसायकल नेली. खरं नाव सांगू नको, कंपनी सांग, अन् बसताना दार दिसन असं बस. पार्वताबाई ऐकत होत्या आणि मधून मधून बंद डब्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी सांगितलं की दोन माणसं, चार नावं आणि एक पाना, म्हणजे सविस्तर लिहावं लागेल, मोठ्या ठाण्याला कळवावं लागेल, साहेब संध्याकाळी येतील. हे सगळं परवेजच्या खिशातल्या फोनमधून फरजाना ऐकत होती. एव्हाना तिला लॅबच्या लँडलाइनवर दवाखान्याचा फोन आला होता, रक्ताची खरी भानगड कळली होती, आणि आपल्यामुळे आपली मैत्रीण चौकीत बसली आहे हेही कळलं होतं. एका बाईला अनोळखी माणसाबरोबर चौकीत बसवून ठेवलं तर गावात काय होतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. खिशातून आवाज आला.

"हवालदारबाई, त्याइचं लग्न ठरलेलं हाय. होनारा नवरा होय थो तिचा. नावं काय, लाडानं ठेवते मानूस."

पार्वताबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. वहीत 'एकमेकांशी नातं' असा रकाना होता आणि तो एकदा भरला की सगळी नोंद तीन ओळींत मावत होती. त्यांनी लिहिलं: होणारे पती-पत्नी, नातेवाइकाचा गैरसमज, समज देऊन सोडले. गीतांजलीने तोंड उघडलं. पण नाही म्हणायचं तर पुन्हा ॲपपासून सुरुवात करावी लागणार होती, आणि साहेब संध्याकाळी येणार होते. तिने तोंड मिटलं. कुंदन पंख्याकडे पाहत होता.

फक्त खात्री म्हणून पार्वताबाईंनी घरचा नंबर मागितला. तोही फरजानानेच पटकन सांगितला. अकोल्यात गीतांजलीच्या आईने, बेबीताईंनी, फोन उचलला. पार्वताबाईंनी सांगितलं की तुमची मुलगी आणि तिचे होणारे मिस्टर मूर्तिजापूरच्या चौकीत आहेत, घाबरायचं काही कारण नाही. त्या वाक्यातला मधलाच भाग बेबीताईंनी ऐकला. मग त्यांनी विचारलं,

"जेवले काय ते?"

बाहेर पडल्यावर परवेजने दोघांची दोनदोनदा माफी मागितली. मग, काहीतरी करायला हवं म्हणून, टेम्पोतलं एक टरबूज काढून फोडलं आणि माल कुंदनचाच असल्यामुळे त्यालाच आधी विचारलं. टेम्पोच्या सावलीत उभं राहून तिघांनी खाल्लं. परवेज मागच्या टायरला लाथ मारून बघायला गेला तेव्हा गीतांजलीने विचारलं की बाकी नावाचं समजू शकते, पण महिनाभर कंपनी कशाला सांगितली.

कुंदनने बिया हातात थुंकल्या आणि सावलीबाहेर टाकल्या.

"तुमच्या प्रोफाइलवर पयलीच ओळ होती," तो म्हणाला. "शेतकरी नको. मंग मी काय लिहू? चार एकर वावर हाय, हीर हाय, पानी हाय, कोनाचं देनं नाई. पन हे सांगाले तं आधी कोन बोललं पाह्यजे. सात वर्सांत मले एकीनंबी उलट लिहिलं नाई. कंपनी लिहिली अन् तिसऱ्या दिशी तुमचा मेसेज आला."

ती ओळ गीतांजलीने लिहिली नव्हती, पण काढलीही नव्हती. ती म्हणाली की रंग चांगला आहे टरबुजाला. तो म्हणाला की हो, यंदा गोडी धरली आहे, भाव तेवढा नाही. मग पॅसेंजरची वेळ झाली.

घरी बेबीताईंनी शिरा केला होता आणि तो खायला शेजारच्या केशरबाई येऊन बसल्या होत्या, म्हणजे गल्लीला कळलं होतं. केशरबाई गेल्यावर गीतांजलीने आईला सगळं सांगितलं. असं काही ठरलेलं नाही. फरजानाने वेळ मारून नेली, पोलिसांनी ते लिहिलं. बेबीताई म्हणाल्या की पोलिसांनी लिहिलेलं खोटं कसं असेल. गीतांजली म्हणाली की तो माणूस मॅनेजर नाही, शेती करतो. आता हे ऐकल्यावर तरी आई शिरा झाकून ठेवेल असं तिला वाटलं.

"तूच तं फरजानाकडून लिहून घेतलं होतं, शेतकरी नको म्हनून," गीतांजली म्हणाली.

बेबीताईंनी वाटीतला शिरा चमच्याने सारखा केला. "मी ते सांगतलं तवा तू चौतीसची होती," त्या म्हणाल्या.

त्या रात्री गीतांजलीने ठरवलं की ती नोंद दुरुस्त करून घ्यायची, आणि दुरुस्तीचा कागद आईसमोर ठेवायचा, म्हणजे हा विषय बंद. दुसऱ्या दिवशी तिने चौकीला फोन केला. पार्वताबाईंनी सांगितलं की दुरुस्ती होईल, पण दोघांनी मिळून लेखी अर्ज द्यावा लागेल आणि दोघांनीही समक्ष यावं लागेल. म्हणून तिने परवेजकडून कुंदनचा नंबर घेतला. कुंदनने लगेच होकार दिला. फक्त टरबुजाची शेवटची तोडणी व्हायची होती, त्याला पंधरा दिवस हवे होते.

त्या पंधरा दिवसांत अर्जाच्या मजकुरासाठी त्यांना बरेच फोन करावे लागले. 'सदर नोंदीमध्ये' इथपर्यंत जमलं, पण पुढे गैरसमज कसा झाला ते लिहायचं तर सगळं खरं लिहावं लागत होतं, आणि खरं लिहायचं तर आधी एकमेकांना सांगावं लागत होतं. कुंदनने सांगितलं की तो एकेचाळीसचा आहे, ॲपवर छत्तीस लिहिलं होतं. एकदा लग्न झालं होतं. बायको पुण्याची होती, वर्षभरात परत गेली, तिचा दोष नव्हता, तिला खेडं मानवलं नाही. गीतांजलीने सांगितलं की तिला स्वयंपाक येतो पण करायचा कंटाळा येतो, आणि माणसांचाही येतो. तो म्हणाला की मलेबी येते. हे अर्जात कुठे बसत नव्हतं, पण फोन चालू होता. एके दिवशी नेहमीच्या वेळी त्याचा फोन आला नाही, तर तिने एका पेशंटला दोनदा टोचलं. त्याची मोटर खरोखरच जळाली होती.

फरजानाला या फोनांबद्दल विचारावंसं फार वाटत होतं. पण अपराधी वाटत असल्यामुळे तिने तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि त्यामुळे लॅबमध्ये फारच शांतता होती. शेवटी अर्ज तयार झाला. त्यात एकच जागा कोरी होती. 'आमचे नाते चुकीने होणारे पती-पत्नी असे लिहिले गेले असून ते', आणि पुढे 'असे वाचावे'. मधला शब्द काही केल्या ठरेना. कुंदनने 'ओळखीचे' सुचवलं, पण ज्या दिवसाची नोंद होती त्या दिवशी ते ओळखीचे नव्हते. गीतांजलीने 'अनोळखी' सुचवलं, तर त्याने मोटर बघायची आहे म्हणून फोन ठेवला. मग ठरलं की तिथे गेल्यावर पार्वताबाईंनाच विचारू.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं चौकीत गेले. ऊन तसंच होतं, पंखाही तसाच होता. पार्वताबाईंनी नुकताच उघडलेला डबा बंद केला, अर्ज घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग ती जुनी वही काढली, पान शोधलं, पेन उघडलं आणि 'एकमेकांशी नातं' या रकान्यावर टोक टेकवून वर पाहिलं.

"हे खोडते," त्या म्हणाल्या. "आता काय लिहू?"

कुंदनने गीतांजलीकडे पाहिलं. गीतांजलीने त्या रकान्याकडे पाहिलं. सकाळपासून तिने तीस जणांचं रक्त काढलं होतं, पॅसेंजर चाळीस मिनिटं उशिरा आली होती, आणि परत जाऊन आईला एक कागद दाखवायचा होता. त्याची शर्टाची बाही घडी करून वर केलेली होती. पेन तिथेच थांबलं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "हाय तसंच राहू द्या."

कुंदनने टेबलावरचा अर्ज उचलला, त्याच्या चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. पार्वताबाईंनी वही मिटली आणि पेनला टोपण लावलं.

"मंग एवढ्या उन्हाचं मले काहून डबा बंद कराले लावला?" त्या म्हणाल्या.